सोबतीला आलेला तलवारबाज

माझा थोरला भाऊ दिगंबर गेला त्याला आता दीड महिना होऊन गेला आणि मला अजून त्याचा राग आहे. रडून झालं, तेरावं झालं, भेटायला येणारी माणसं येऊन गेली, पण राग काही जात नाही. रविवारी सकाळी नेहमीसारखा परतूरच्या त्याच्या वर्गात पोरांना तलवारबाजी शिकवून घरी आला, पिठलं-भाकरी खाल्ली, मिरची तिखट नाही म्हणून सिंधूवहिनीशी थोडी हुज्जत घातली, "जरा पडतो" म्हणाला आणि उठलाच नाही. मी तेव्हा सेलूला, माझ्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. वहिनींचा फोन आला. आणि सगळं कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "एकटाच गेला?" वहिनींना वाटलं, माझं डोकं फिरलं. पण त्याला ओळखणाऱ्या कुणीही हेच विचारलं असतं. हा माणूस जन्मात कुठं एकटा गेला नव्हता. दवाखान्यात, लग्नाला, साधा सदरा शिवायला टाकायचा तरी "चाल ना संगं" म्हणून कुणाला तरी ओढून न्यायचा. आणि इतक्या लांबच्या वाटेला निघाला तो कुणाला न सांगता... राग येणार नाही तर काय होणार!

त्यात पेपरात बातमी आली. फोटो चांगला होता, पण खाली लिहिलं होतं की त्यांना बालपणापासूनच तलवारबाजीची ओढ होती. साफ खोटं! बालपणापासून त्याला ओढ होती ती भुईमुगाच्या शेंगांची आणि दुपारच्या झोपेची. तलवारबाजीसाठी निवड माझी झाली होती. तो माझ्या सोबतीला आला होता, बस. हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि ते मलाच लिहावं लागणार, कारण ते सांगायला हौसेनं जो सगळ्यांत पुढं असायचा तोच आता नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव परतूरपासून जवळ, इतकं की मी शाळेला पायी जायची. एके दिवशी जालन्याहून इनामदार सर म्हणून एक गृहस्थ शाळेत आले. तलवारबाजी हा खेळ आपल्या भागात नवाच होता आणि त्यांना मुली हव्या होत्या. मुली सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. मी मात्र मैदानाच्या कडेला चिंचा पाडत होते, दगडानं, डाव्या हातानं. सर थांबले, बघत राहिले आणि आमच्या मास्तरांना म्हणाले, "ही डावखुरी मुलगी मला द्या." माझ्या त्या डाव्या हाताला त्या दिवसापर्यंत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घरी डाव्या हातानं भाकरी वाढली की माय चिमटा काढायची. आणि इथं एक शिकलेला माणूस त्याच हातासाठी मला मागून घेत होता. मी तर तिथंच हवेत गेले.

सर आमच्या घरी आले. आबा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवर बसले होते. तलवार म्हटल्याबरोबर ते खूष. "मंग बराबर हाय, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढं चालल पोरगी." सरांनी पिशवीतून त्यांची ती बारीक, लवलवती तलवार काढली. आबांनी ती हातात घेतली, वाकवून बघितली, डोळ्यांपुढं धरली. म्हणाले, "सर, ही तर छत्रीची काडी हाय. हिच्यानं वांगं बी चिरायचं न्हाई!" सर म्हणाले, चिरायचं नसतंच, समोरच्याच्या छातीला-पोटाला नुसतं टोक टेकवायचं, तोंडावर जाळी असते, अंगात जाड जॅकेट असतं, कुणाला काही लागत नाही. "मंग बिलकुल हरकत न्हाई," आबा म्हणाले. पण दर रविवारी जालन्याला जायचं, ते रेल्वेनं, आणि जाणार कोण, तर पोरगी... एकटी? तो प्रश्न आबांनी तिथंच मिटवला. आतल्या खोलीत घोरत पडलेल्या दादाकडं बोट केलं. "ह्यो जाईल सोबतीला."

दादा तेव्हा नुकता बारावी झालेला. नाव कॉलेजात, हजेरी शेतात. रविवारची झोप गेली म्हणून पहिले काही आठवडे तो माझ्याशी बोललाच नाही. गाडीत खिडकीशी बसायचा, जालन्यात सर ज्या शाळेच्या हॉलमध्ये शिकवायचे तिथं भिंतीशी बाकावर बसायचा, खिशातल्या शेंगा फोडायचा आणि टरफलांचा ढीग करून झाला की मान टाकून झोपायचा. मला भयंकर लाज वाटायची. शहरातल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी सरांना सांगितलंसुद्धा की ह्याला बाहेर झाडाखाली बसवा. सर म्हणाले, "असू दे गं, सोबत आहे तुझी."

मग एका रविवारी एक मुलगा आला नाही आणि जोड्या लावताना एक जण उरला. सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि दादाला हाक मारली. हा झोपेतून दचकून उठला तो "गाडी आली का?" म्हणतच. त्याला जॅकेट चढवलं, ते पोटाशी बसेना. तोंडावर जाळीचा मास्क घातला, हातात तलवार दिली आणि सरांनी लंज करून दाखवला. पुढचा पाय लांब टाकायचा, मागचा ताणायचा आणि हात सरळ समोर फेकायचा. दादानं जोर लावून पाय टाकला. टर्रर्र! पांढरा पायजमा नाडीच्या खालपासून थेट गुडघ्यापर्यंत गेला. सगळा हॉल हसून लोळला. मीही हसले, सख्खी बहीण असून जास्तच हसले. पण त्याच्या तलवारीचं टोक समोरच्या पोराच्या छातीवर नेमकं टेकलेलं होतं आणि हा वेडा तसाच, फाटक्या पायजम्यानिशी, हललाच नाही. मास्कच्या आतून म्हणाला, "सर, लागलं का बराबर?"

परत येताना माझा दुपट्टा कमरेला गुंडाळून तो गाडीत बसला होता. नेहमी खिडकीबाहेर बघणारा माणूस सगळी वाट माझ्याकडं तोंड करून बोलत होता. हात कसा धरायचा, पाय कसा टाकायचा, समोरच्याची तलवार बाजूला कशी सारायची... मला म्हणाला, "मंदे, तुला एवढं भारी शिकवून राह्यले आन् तू घरी काई बोलली न्हाई?" घरी पायजमा मायच्या हातात पडला. पोरगा नुसता बाकावर बसून असतो तर पायजमा असा कसा फाटला, हे तिनं विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्याच्या हातात नवा पायजमा आला, खालून चांगला रुंद जोड लावलेला. "हा फाटायचा न्हाई," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. तलवारी सरांच्या, त्या जालन्यात. घरी तुरीच्या काड्या, आमच्याकडं तुऱ्हाट्या म्हणतात त्या. दादा सकाळी उजाडता उजाडता मला खळ्यावर ओढून न्यायचा. "ऊठ मंदे, जल्दी." शेतात डबा घेऊन गेले तर तिथंही बांधावर तुऱ्हाटी तयार. परतूरच्या फलाटावर तर आमचा खेळ ठरलेलाच होता, कारण त्या वेळची पॅसेंजर कधी वेळेवर यायची नाही. कापसाची गाठोडी घेऊन बसलेल्या बायका पाय आखडून आम्हाला वाट करून द्यायच्या आणि बसल्या जागेवरून निकाल द्यायच्या. "पोरीचं लागलं गं!" "न्हाई न्हाई, पोराचं आंधी लागलं!" एकदा गाडी येऊन, थांबून, निघून गेली आणि आम्हाला पत्ता नाही. आबांना सांगितलं, गाडी लई भरून आल्ती.

पण आबांना खरं काही सांगायची दादाची छाती नव्हती. आबा वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या हिशेबानं खेळ म्हणजे शाळकरी पोरांचा. मिसरूड फुटलेला, औत हाकणारा थोरला लेक उड्या मारतो म्हटल्यावर त्यांनी त्याला सरळ कापूस वेचायला लावला असता. त्यामुळं घरात खेळाडू मीच. दादा "सोबत". रविवारी निघताना तो तोंड असं करायचा की जसं काही त्याला फासावर चढवायला नेतात. "काय करता आबा, जावं तं लागतंच," असं म्हणायचा आणि वळणापलीकडं गेलं की पळत सुटायचा, की मला त्याच्या मागं धावावं लागायचं!

आणि मला खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. दहावी झाली, पहिली हौस फिटली. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायचा, सगळं गाव शेजारच्या पाटलांच्या ओट्यावर जमायचं आणि मी घामानं भिजून पॅसेंजरमध्ये उभी. सोमवारी विहिरीवर मैत्रिणी सिनेमाची गोष्ट सांगायच्या, तीही अर्धी. एके दिवशी मी जाहीर केलं की आता बस, माझ्याच्यानं होत नाही. दादा गोठ्यात वैरण टाकत होता. हातातला पेंढा तसाच धरून उभा राहिला. मला वाटलं आता चिडेल, थोरलेपणाचा धाक दाखवेल. तर हा एवढा मोठा गडी कळवळून म्हणाला, "मंदे, तू न्हाई गेली तं मी कसा जाऊ गं?" मी म्हटलं, "तुला कोनी धरलंय? जा की आबाला सांगून." तो म्हणाला, "काय सांगू? कोनाच्या सोबतीला जाऊन राह्यलो म्हणून सांगू?"

मी त्याच्याकडं बघितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या माणसाला हे किती हवं आहे. जगात त्याला एक गोष्ट मनापासून आवडली होती आणि तिच्या दारात जायला त्याला माझं बोट धरावं लागत होतं. आता मी काही साधुसंत नाही. मी तिथंच अट घातली. घरचं पाणी भरायचं काम माझं होतं, ते त्यानं करायचं. आणि पठ्ठ्यानं केलं! भर गावातून डोक्यावर घागर घेऊन चालायचा. पारावरची माणसं विचारायची, "काय दिगू, लगीन झालं का काय तुहं?" हा मान न वळवता, घागर न हिंदकळू देता पुढं. वर मला येऊन सांगायचा, "पायाचा तोल लई सुधारला बरं का!"

सरांनी पुढं त्याला औरंगाबादला एका स्पर्धेत उतरवलं. मलाही उतरवलं होतं, म्हणून तर तो तिथं होता. आमची छाती फुगलेली. गावात, फलाटावर, जालन्याच्या हॉलमध्ये दादाला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. आणि तिथं काय झालं? पहिल्याच लढतीत सपाटून मार खाल्ला. दुसऱ्या लढतीत तेच. समोरचा इकडून यायचा आणि दादा तिकडं अडवायचा, रिकाम्या हवेत तलवार फिरवायचा. इनामदार सर डोक्याला हात लावून बसले. "दिगंबर, अरे तू कुणाशी खेळतोयस? माणूस या बाजूला आहे!" दादालाही कळेना. घामाघूम होऊन बाकावर बसला. सरांनी विचारलं, "घरी सराव कुणाबरोबर करतोस?" "मंदीसंगं." "रोज?" "रोज. सकाळ-संध्याकाळ." सरांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या डाव्या हाताकडं बघितलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं होतं असं की दादाचा सगळा खेळ माझ्या डाव्या हाताला बांधलेला होता. रविवारी सरांच्या हॉलमध्ये समोर कुणी आलं तरी आठवडाभराची सवय ती सवय. आणि आमच्या हॉलमधली पोरंही त्याच्यासारखीच कच्ची, तिथं ते खपून गेलं. अख्ख्या दुनियेची माणसं उजव्या हातानं खेळतात, हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नव्हतं!

सरांनी उपाय सांगितला. मंदानं आता घरी उजव्या हातानं खेळायचं. अरे वा, म्हणजे मीच! उजव्या हातानं भाकरी वाढायला शिकवताना मायनं जेवढं छळलं नव्हतं, तेवढं दादानं छळलं. "कोपर आत घे. अगं, उजवा खांदा पुढं!" मी तुऱ्हाटी फेकून द्यायची, तो परत आणून हातात द्यायचा. काही महिन्यांत मी उजव्या हातानं बरी खेळायला लागले, आणि डाव्या हातानं कशी खेळायची तेच विसरले. धड ना इकडची ना तिकडची. पुढं विभागाची निवड झाली, राज्याच्या स्पर्धेसाठी. दादा असा खेळला की सर उभ्या उभ्या टाळ्या वाजवत होते. एकेकाच्या तलवारीला वळसा घालून ह्याचं टोक छातीवर. दादाची निवड झाली. आणि मी, पहिल्याच फेरीत, गडबडून, बाद.

मला माझ्या हरण्याचं काही वाटलं नाही. मला आनंद मावत नव्हता, दादा राज्याला जाणार म्हणून. गाडीत मी बडबडत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "जाऊ दे मंदे. तुही निवड झाली असती तं गोष्ट वेगळी व्हती." मला कळेना. "म्हंजे?" तर अगदी सरळ, जसं काही ठरलेलंच आहे अशा आवाजात म्हणाला, "तू न्हाई जात तं मी कसा जाणार? मी तं सोबतीला येतो." तो रुसला नव्हता की रडत नव्हता. त्यानं ते मान्यच करून टाकलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबाभर माणसांसमोर मी त्याला अशा शिव्या घातल्या की समोरच्या आजोबांनी त्याला जागा करून दिली, "बस बाबा, दम घे."

संध्याकाळी आबा जेवायला बसले. दादा त्यांच्या शेजारी, मान खाली. माय चुलीपुढं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "आबा, दादाची राज्याला निवड झाली. कोल्हापूरला जायचंय. खेळतोय तो, लई दिवसापून. लई भारी खेळतो." आबांचा घास हातातच राहिला. दादाकडं बघून म्हणाले, "तू? तू तं सोबतीला जात व्हता ना?" मी म्हटलं, "व्हय, तो माझ्या सोबतीला येत व्हता. आता मी त्याच्या सोबतीला जाते." आबा माझ्याकडं वळले. "त्याच्या सोबतीला तू? मंग तुझ्या सोबतीला कोन?" "दादाच की!" "आन् दादाच्या?" "मी!" आबा गडबडले. बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं, जमलं नाही. "आरं, हे काय लावलंय? येकानं तरी सोबतीला पाह्यजेल ना! दोघं बी खेळाडू आन् दोघं बी सोबती, आसं कुठं आसतं का?" मग एकदम गंभीर झाले. दादाला म्हणाले, "इतके दिस मला सांगितलं कामून न्हाई?" दादा पुटपुटला, "तुमी न्हाई म्हणाल म्हणून." "न्हाईच म्हणलो असतो," आबा म्हणाले.

चुलीपाशी माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पायजम्याला जोड लावून लावून माह्या बोटाला घट्टे पडले. आता जाऊ द्या त्याला." आबांनी तिच्याकडं बघितलं. म्हणजे हिलाही माहीत होतं! मग ते भाकरी कुस्करायला लागले. दादाचं ताट तसंच होतं. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "कापसाचं मी बघतो कायतरी. कोल्हापूर लांब हाय. पोरं म्हंता म्हंता कुठंबी जातेल. मीच येतो सोबतीला."

आबा कोल्हापूरला आले. डोक्याला पटका, काखेत भाकरीचं गाठोडं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले, जसं काही लग्नात वरबाप. तिथं आम्ही पहिल्यांदा विजेवरची तलवार बघितली. खेळणाऱ्याच्या पाठीला वायर जोडलेली, टोक लागलं की दिवा लागायचा. दादाला वायर जोडली तसे आबा ताडकन उभे राहिले. "ओ सर! पोराला करंट बसल ना!" सरांनी समजावलं तेव्हा बसले. पण दिव्याची गोष्ट त्यांना फार आवडली. पंचांकडं, तलवारींकडं त्यांचं लक्षच नव्हतं, नजर नुसती दिव्याकडं. दादाच्या बाजूचा लागला की मांडीवर थाप. शेजारी बसलेल्या पुण्याच्या बाईंना म्हणाले, "आमच्या गावात आठवडाभरात बी इतक्या बार दिवे लागत न्हाईत."

उपांत्य लढतीत समोर आला तो मागच्या वर्षीचा विजेता. उंच, तयारीचा, आणि डावखुरा. सगळे त्याला घाबरून होते. डावखुऱ्यासमोर भल्याभल्यांचा अंदाज चुकतो, सर स्वतः म्हणाले, जेवढं जमेल तेवढं कर. पण तो मास्क चढवून डाव्या हातात तलवार घेऊन उभा राहिला आणि आबांच्या ते बरोबर लक्षात आलं. जाळीमागं तोंड दिसत नव्हतं, फक्त तो हात दिसत होता. आबा भर हॉलमध्ये ओरडले, "दिग्या! घाबरू नको, ही तं आपली मंदीच हाय!"

मास्कच्या आत दादा हसलेला मला त्याच्या खांद्यांवरून दिसला. आणि मग तो खेळला ते कसं सांगू... घरच्या खळ्यावर खेळावं तसा खेळला. तो डावखुरा जिथून म्हणून येईल तिथं दादा आधीच हजर. दिवा लागतोय, परत लागतोय, आबांची मांडी लाल झाली असेल. तो पोरगा शेवटी मास्क काढून दादाकडं बघतच राहिला. सरांनी दादाला उचललं, ते त्यांना पेललं नाही, दोघंही पडले. अंतिम लढतीत दादा हरला, समोर फौजेतला गडी होता, तो चांगलाच होता. दादाला रौप्यपदक मिळालं. त्यानंतर राष्ट्रीयलाही तो कैक वेळा गेला, कधी दोन फेऱ्या जिंकून आला, कधी पहिल्याच फेरीत परत आला, तरी डबाभर गोष्टी आणायचाच. पण आबा गावात सांगायचे ते वेगळंच. पदक गळ्यात घालून दादा शेजारी उभा असायचा आणि आबा लोकांना सांगायचे, "मी गेल्तो ना सोबतीला!"

दादाचं लग्न झालं, तर हा सिंधूवहिनींना हळदीच्या अंगानंच जालन्याला सरांकडं घेऊन गेला. एकट्याला जायची सवय कुठं होती! वहिनी जाफराबादकडच्या, घरंदाज, डोक्यावरचा पदर न ढळणाऱ्या. वर्षभरात त्या लंज मारायला लागल्या आणि पुढं दादापेक्षा कडक शिकवायला लागल्या. दोन हजारनंतर परतूरला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात दोघांनी वर्ग काढला. मोठे खेळाडू तिथून किती झाले ते पेपरवाल्यांनी लिहिलंय. त्यांनी लिहिलं नाही ते मी लिहिते. त्या गोदामात बसायला एकही बाक नव्हता. मुलीला सोडायला आलेली आई असो, भाऊ असो, मामा असो, दादा कुणाला कडेला बसूच द्यायचा नाही. हातात तलवार द्यायचाच. रविवारी कधी आत डोकवावं तर नऊवारीतल्या, सहावारीतल्या बाया, पदर खोचून, मास्क घालून, "आता ग बया!" म्हणत एकमेकींच्या अंगावर धावून जातायत आणि दादा मधे उभा राहून खदाखदा हसतोय. त्याच्याइतका सुखी माणूस मी बघितला नाही, आणि ह्या सुखासाठी मी त्याला घागरी उचलायला लावल्या होत्या ह्याचा मला आजही अभिमान आहे.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. वर्ग बंदच होता तेव्हापासून. पालक विचारून राहिले होते, पोरं रोज दारापर्यंत येऊन परत जात होती. वहिनी म्हणाल्या, "दोनदा गेल्ते मंदाताई. कुलूप उघडते, पण आत पाऊल टाकवत न्हाई. तुमी येता का सोबतीला?"

गेले. रविवारच्याच गाडीनं गेले. गोदामापुढं ही गर्दी, पोरी, आया, आज्या. वहिनींनी कुलूप उघडलं आणि उंबऱ्याशी थांबल्या. मीच आत गेले. माझ्या मागून सगळ्या आल्या. आत तसंच सगळं, भिंतीला टांगलेले मास्क, त्याची ती शिट्टी खिळ्याला. मी भिंतीला टेकून खाली बसले. तेवढ्यात राजूरकडची एक पोक्त बाई, नातीला घेऊन येते ती, माझ्यापुढं येऊन उभी राहिली, हातात दोन तलवारी. "इथं बसत न्हाईत बाई," ती म्हणाली. "सरानं कव्हाच कोनाला बसू दिलं न्हाई." मी म्हटलं, अहो, मला गुडघे आहेत. ती म्हणाली, मलाबी हायेत. मी उठले. मास्क घातला, तलवार धरली आणि इतक्या वर्षांनी लंज मारायला म्हणून पाय पुढं टाकला. इतका वाईट, इतका वाकडा पाय की मी कलंडलेच, आणि त्या बाईनं आरामात माझ्या पोटावर टोक टेकवलं. पोरी फिसकन हसल्या.

"मंदाताई!" उंबऱ्याकडून खणखणीत आवाज आला. "गुडघा! गुडघा कुठं चाललाय? पाऊल सरळ ठेवा ना!" वहिनी बोलता बोलता पदर खोचत सरळ आत आल्या, माझा पाय धरून जागेवर ठेवला, कोपर आत ढकललं, खिळ्याची शिट्टी काढून गळ्यात घातली आणि मागं वळून पोरींवर ओरडल्या, "काय बघून राह्यल्या? जोड्या लावा जल्दी!" मला उजव्या बाजूची तिसरी जोडी मिळाली. त्या राजूरच्या बाईनं मला त्या दिवशी चांगलाच मार दिला.